नाथाने काढायला लावलेलं कुलूप

नाथा दामाजी तरे कंपनीत लागला त्या दिवशी त्याचा बाप जेवला नाही. दामाजी कोलशेतच्या खाडीवरचा जुना कोळी. कारखान्यांचं पाणी खाडीत उतरायला लागलं तशी कोळंबी गेली, निवटे गेले, जाळ्यात नुसता काळा चिखल यायला लागला. आता त्यातल्याच एका कारखान्यात आपला पोरगा निळा डगला घालून हजेरी लावणार, हे म्हाताऱ्याच्या घशाखाली उतरेना. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. इथे वैर कारखान्यांनी केलं आणि उपास कोळ्यांना घडले. पण जमिनी गेलेल्यांना घरटी एक नोकरी मिळत होती आणि नाथा मॅट्रिक झालेला होता. दुसऱ्या दिवशी दामाजी मुकाट्याने जेवला. पोटापुढे हट्ट किती दिवस चालणार?

हे सत्तरीचं दशक संपता संपताचं. नाथा हेल्पर म्हणून लागला आणि पाच-सहा वर्षांत कंट्रोल रूममध्ये पॅनलवर बसायला लागला. कोळीवाड्यातून त्या खोलीत पोचलेला तो पहिला माणूस. भिंतभर काटे, भिंतभर दिवे. कुठला पंप चालू, कुठला बंद, कुठली टाकी किती भरली, ते बसल्या जागी कळायचं. नाथाला ते काम मनापासून आवडलं. माणूस तोंडाने फटकळ, साहेबाला साहेब म्हणून भीक न घालणारा, पण कामात चोख. त्यामुळे ऑपरेटरांना वर काही सांगायचं असलं की सगळे नाथाला पुढे करायचे आणि नाथाही छाती काढून जायचा. मेव्हण्यासाठी, म्हणजे बायकोच्या पाठच्या भावासाठी, त्याने असाच साहेबापुढे शब्द टाकला आणि कान्हाही कंपनीत आला.

कान्हा अगदी उलट स्वभावाचा. बोलणं मऊ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. नाथाच्या बायकोने, चंद्रभागेने, त्याला लहानपणी कडेवर वागवलेला, त्यामुळे लग्नानंतरही ती रोजच्या कालवणातली एक वाटी भावाकडे धाडायची. त्याची बायको जनी म्हणायची, मी काय उपाशी ठेवते का याला, पण वाटी मात्र ठेवून घ्यायची. नाथाने कान्हाला पॅनलचं काम हाताला धरून शिकवलं. पुढे दोघंही ऑपरेटर झाले. एकाची पाळी संपली की दुसरा त्याच खुर्चीवर बसायचा.

एक्याण्णव साली भिंतीवरचे काटे आणि दिवे निघाले आणि टेबलावर कॉम्प्युटर आला. सगळा कारखाना एका स्क्रीनवर. प्रत्येक पंप म्हणजे एक छोटा गोल, चालू असला की हिरवा, बंद असला की लाल. मागची जमीन पांढरी फटफटीत. आठ आठ तास त्या उजेडात बघून सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी यायला लागलं. नाथा नौपाड्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आला. डॉक्टरांनी थेंब दिले आणि जरा लांब बसा म्हणाले. लांब बसलं तर आकडे दिसेनात. मग नाथाने मशीनशी खटपट केली. जमीन काळी करता येते का, रंग बदलता येतात का, बघितलं. मशीन काही ऐकेना. रंगांची सगळी सोय कुलूपबंद होती.

कुलूप घातलं होतं बेहेरे साहेबांनी. साहेब नौपाड्यातच राहणारे, सरळ माणूस. नाथा सगळ्यांतर्फे त्यांच्या केबिनमध्ये गेला तेव्हा त्यांनी त्याला बसवून घेतलं आणि नीट समजावून सांगितलं. म्हणाले, ही माझी एकट्याची लहर नाही. काही कंपन्या ऑपरेटिंग सिस्टिमच अशी बनवतात, की विकत घेणाऱ्यालाही तिचं रूप फारसं बदलता येत नाही. का, तर एका मशीनवर शिकलेला माणूस दुसऱ्या मशीनवर बसला तरी त्याला सगळं ओळखीचं दिसावं. मी घरून फोन करून सांगतो, तो लाल झालेला गोल बघ. तुझ्याकडे तो लाल नसेलच, तर मी काय सांगायचं आणि तू काय समजायचं?

"नाथा, खुर्चीवरचा माणूस बदलतो," साहेब म्हणाले. "समोरचं चित्र बदलता कामा नये."

नाथा हटला नाही. त्याने साहेबांना कोळीवाड्याचा दाखला दिला. आमच्याकडे प्रत्येक घराच्या होडीला आपले रंग असतात. तऱ्यांची होडी पिवळी, वर निळा पट्टा. कान्हाच्या घरची निळी, वर पिवळा पट्टा. खाडीच्या तोंडाशी होडी दिसली की काठावरच्या बायका ओळखतात, कोण आलं. म्हणून काय कुणाची होडी चुकली का आजवर? ज्याची होडी त्याचा रंग. आठ तास डोळे आमचे जळणार आणि रंग मात्र तुम्ही ठरवणार, हा कुठला न्याय? आपलीच मोरी आणि मुतायची चोरी, असं तो साहेबांच्या तोंडावर म्हणाला. साहेबांना हसू आलं. डोळ्यांची तक्रार खोटी नव्हती, हेही त्यांना माहीत होतं.

शेवटी साहेबांनी कुलूप काढलं. पण एक अट घातली. प्रत्येकाने आपापले रंग आपल्या नंबरावर साठवायचे आणि खुर्चीवर बसलं की आधी आपला नंबर टाकायचा. नंबर टाकला की त्याचे रंग येतील. नंबर टाकल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. नाथाने मान डोलावली आणि केबिनमधून बाहेर आला तो निवडणूक जिंकल्यासारखा. त्या दिवशी कँटीनमध्ये सगळ्यांनी त्याला चहा पाजला.

मग काय, जो तो हौसेला लागला. पोपट नावाचा ऑपरेटर होता, त्याने पडदा जांभळा केला. नाथाने काळ्या जमिनीवर आपल्या होडीचे रंग घेतले: चालू पंप पिवळा, बंद पंप निळा. कान्हाला लाज वाटत होती, पण मग त्यानेही काळ्याच जमिनीवर आपल्या होडीचे घेतले: चालू तो निळा, बंद तो पिवळा. डोळ्यांचं पाणी थांबलं. चार वर्षं कुणाला काही त्रास झाला नाही. बेहेरे साहेबसुद्धा एकदा म्हणाले, नाथा, तुझं बरोबर होतं. नाथाने ते वाक्य घरी येऊन चंद्रभागेला सांगितलं आणि तिने ते जनीला सांगितलं. गरिबाच्या घरी मोठेपण आलं की ते असं चार घरं फिरतंच.

दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. नाथाचं कर्म काय, तर बापावरची माया.

पंचाण्णव सालच्या मार्चातली दुपार. कान्हाची पाळी संपली, नाथाची सुरू झाली. नाथाने आपला नंबर टाकला, स्क्रीनवर त्याचे रंग आले. कान्हा कपडे बदलत होता, तेवढ्यात गेटवरून निरोप आला की दामाजीबाबाच्या छातीत कळ आलीय, तो नाथाला बोलावतोय. घर गेटपासून हाकेच्या अंतरावर. रीतसर जायचं तर बदली माणूस मागायचा, रिपोर्ट लिहायचा, साहेबाची सही घ्यायची, नवीन माणसाने आपला नंबर टाकायचा. त्यात अर्धा तास सहज गेला असता. साला-भावोजींना एवढ्या सोपस्काराची गरज कधी पडली नव्हती. कान्हाने डगला पुन्हा अंगात घातला.

"तुमी जा भावोजी," तो म्हणाला. "मी राखतंय."

राखणं म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. कोळी होडी काठाला लावून घरी गेला तर शेजारचा त्याच्या होडीत बसून ती राखतो. राखणारा नुसता बसतो. दोर सोडत नाही, जाळं हलवत नाही, वल्ह्याची जागा बदलत नाही. दुसऱ्याच्या होडीत आपलं काही करायचं नाही, हा मान असतो. कान्हा नाथाच्या खुर्चीवर तसा बसला. पाळी नाथाची, खुर्ची नाथाची, नाथा आत्ता येईल. मग आपला नंबर टाकून त्याचे रंग पुसायचे कशाला? आपल्या पाळीला त्याने एकदाही नंबर टाकायचा चुकवला नव्हता. त्या दिवशी मात्र तो पाळी करत नव्हता, राखत होता.

थोड्या वेळाने खालून दौलत वर आला. दौलत म्हणजे देशावरून आलेला कंत्राटी कामगार, कामावर नवा. म्हणाला, टाकीखालच्या पाइपाच्या सांध्यातून थेंब गळतोय. त्या पाइपातून कढत कॉस्टिक जायचं, अंगावर पडलं तर मांस सोडवणारं. सांधा आवळायचा तर आधी पंप बंद हवा. कान्हाने स्क्रीनकडे बघितलं. तो पंप दिवसातून कितीदा चालू-बंद व्हायचा. आत्ता त्याचा गोल पिवळा होता. चार वर्षं त्याच्या डोळ्यांनी पिवळा म्हणजे बंद हेच वाचलं होतं.

"पिवला हाय, बंद हाय," तो दौलतला म्हणाला. दौलत पाना घेऊन निघाला तर त्याने त्याला थांबवलं. नवीन माणूस, हात पोळून घेशील, तू इथं बस, मीच जातो, म्हणाला. आणि गेला.

पंप चालू होता. आवळण्याआधी सांधा सरळ बसवावा म्हणून कान्हाने नट सैल केले आणि सगळं त्याच्या अंगावर आलं.

इकडे दामाजी आल्याचं पाणी पिऊन ढेकर देऊन बसला होता. छातीत कळ वगैरे काही नव्हती, वाल जास्त खाल्ले होते. नाथा त्याला रागावत होता, चंद्रभागा हसत होती, तेवढ्यात कंपनीचा भोंगा वाजला.

कान्हा ठाण्याच्या दवाखान्यात तीन दिवस होता. नाथा बाहेरच्या बाकावर बसून राहिला. चंद्रभागा आणि जनी आत जाऊन यायच्या. पट्ट्यांमधून माणूस ओळखू येत नव्हता, आणि चंद्रभागा त्याच्या पायांकडे बघून बोलायची, कारण तेवढे पाय शाबूत होते आणि त्याचेच वाटत होते. चौथ्या दिवशी सकाळी तो गेला.

चौकशी झाली. दौलतने जे ऐकलं ते सांगितलं. रंग नाथाचे होते हे सगळ्यांना समजलं, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. कान्हाने नंबर टाकला नाही म्हणून कागदावर दोष त्याच्या नजरचुकीला गेला. नाथाला बदली माणूस न मागितल्याबद्दल ताकीद मिळाली. बेहेरे साहेब एका संध्याकाळी कोळीवाड्यात आले, ओटीवर बसले आणि म्हणाले, परवानगीवर सही माझी होती, तू एकटा मनाला लावून घेऊ नकोस. चहा तसाच ठेवून उठून गेले. वर्षभरात त्यांनी नोकरी सोडली.

जनीला हे रंगांचं प्रकरण कधी पटलंच नाही. तिचं एकच म्हणणं होतं: कंपनीने माझा माणूस खाल्ला. आधी खाडी खाल्ली, मग माणूस खाल्ला. तिला कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायचं काम मिळालं. ती रोज तिथे जायची, पोळ्या लाटायची आणि घरी येऊन कंपनीला शिव्या घालायची. कधी नाथाच्या दारात उभी राहून घालायची. नाथा ऐकून घ्यायचा. चंद्रभागेने नवऱ्याला एका शब्दानेही दोष दिला नाही. ती फक्त भावाचं नाव घेईनाशी झाली आणि कालवण मोजकं करायला लागली. नाथाला वाटायचं, हिने एकदा तोंड सोडून बोलावं, पदर खोचून भांडावं. ती भांडली नाही.

सत्त्याण्णव साली नवीन कॉम्प्युटर आले. ते बसवायला चित्रा नावाची इंजिनियर डोंबिवलीहून यायची. वयाने लहान, पण समजावून सांगण्याचा तिला कंटाळा नव्हता. या मशीनची ऑपरेटिंग सिस्टिमच अशी होती की रंग, गोलांच्या जागा, अक्षरं, काहीही ऑपरेटरला बदलता येत नव्हतं. जमीन राखाडी, चालू तो हिरवा, बंद तो लाल, आणि आत कोरून लिहिलेलं: चालू, बंद. पोपट भडकला. आमचे डोळे परत फुटायचे का, म्हणाला. चित्रा म्हणाली, डोळ्यांचा विचार करूनच राखाडी घेतलाय, तरी कुणाला त्रास होणारच, ते मी नाकारत नाही. पण सगळ्यांना एकच दिसलं पाहिजे. ज्याला थोडं गैरसोयीचं होईल त्याला ते सोसावं लागेल.

तिला कान्हाबद्दल काही माहीत नव्हतं. ती जे बोलली ते बेहेरे साहेबांनी केबिनमध्ये बसवून सांगितलं होतं तेच.

पोपटने सवयीने नाथाकडे बघितलं. बोल की, म्हणाला, मागच्या वेळी तूच तर काढायला लावलेलंस. नाथा उठला. सगळ्यांना वाटलं आता बोलणार. तो चित्राला म्हणाला, "म्याडम, कुलूप असू द्या. कुणीबी मागितला तरी काढू नका." आणि खाली बघत बाहेर गेला. पोपटला आपण काय बोलून बसलो ते तेव्हा कळलं.

ही गोष्ट जनीने कँटीनमध्ये ऐकली आणि चंद्रभागेला सांगितली. अर्धीच ऐकली होती तिने: नवीन कॉम्प्युटरवर कुणालाच रंग बदलता येत नाहीत म्हणे. नाथा घरी आला, हातपाय धुऊन बसला, आणि चंद्रभागेने त्याला पाणी देताना विचारलं. दोन वर्षांत त्या विषयावरचा तिचा हा पहिला प्रश्न.

"सगल्यांना येकच रंग दिसतात आता?"

नाथाने हो म्हटलं.

"मंग ह्यो आदी का नाय केला कंपनीनं?"

कंपनीला तेव्हा सुचलं नाही, असं म्हणून सुटता आलं असतं. दारात उभी असती तर जनीनेही ते खुशाल मानलं असतं. पण चंद्रभागा त्याच्या तोंडाकडे बघत होती आणि तिच्याशी खोटं बोलायची नाथाला सवय नव्हती.

"आदी केलेला," तो म्हणाला. "आदी कुलूपच व्हता. बेहेरे सायबानं मना समजावलाबी, असा का ठेवलाय ते. मीच भांडलो. मीच काढाला लावला."

ते भांडण त्याने तिला तेव्हाच कौतुकाने सांगितलं होतं, तिने ते चार घरी मिरवलंही होतं. पण रंग आधी कुलूपबंद होते आणि ते का, याबद्दल साहेब काय म्हणाले होते, हे त्याने सांगितलं नव्हतं, कारण तेव्हा ते त्याला महत्त्वाचं वाटलं नव्हतं. नवऱ्याने साहेबाला हरवलं एवढंच तिला माहीत होतं. आता तिला कळलं की तो माणूस बरोबर होता, आणि ज्या जिंकण्याचं तिने कौतुक केलं त्यातच तिचा भाऊ गेला.

चंद्रभागा तिथेच भिंतीला टेकून बसली. रडली नाही. बराच वेळ ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिली. नाथाला वाटलं आता ती बोलेल, ज्याची तो दोन वर्षं वाट बघत होता ते आता येईल. आणि खरंच, त्याला ते हवं होतं. शिव्या हव्या होत्या. बायकोच्या तोंडून एकदा ऐकून मोकळं व्हायचं होतं.

"जनीला नको सांगू," ती म्हणाली. नाथाने मान वर केली. "ती कंपनीला शिव्या देते म्हून उभी हाय. तुझा नाव कललं तर कुनाला देईल? घरच्याच मानसाला शिव्या देऊन बाई किती दिस जगेल?"

एवढं बोलून ती उठली आणि भाकरी थापायला बसली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जनी कामावरून येताना दारात थांबली. ओटीवर नाथा होता. तिने नेहमीसारखं सुरू केलं. बघा भावोजी, म्हणाली, माझा माणूस जाळला तवा यांना अक्कल आली, आधी कुठं गेली होती मेल्यांची? आतून चंद्रभागेच्या हातातल्या भाकरीचा आवाज थांबला. नाथाने जनीकडे बघितलं.

"व्हय," तो म्हणाला. "कंपनीचीच चूक."

जनीचं समाधान झालं. ती आणखी थोडा वेळ बोलत राहिली आणि नाथा प्रत्येक शिवीला मान डोलावत राहिला.